परत वर जाण्याचा निर्णय : अहमदाबादमधल्या एका सोसायटीचं प्रकरण, २००१

हे प्रकरण एका साध्या फ्लॅट-सोसायटीचं, २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतरचं आहे. इमारत आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. आईबाबांबरोबर मी तिथे राहत होतो. सिव्हिलचा डिप्लोमा करून एका ऑफिसात ड्रॉइंग काढायचं काम करायचो. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे सभेचा वृत्तांत लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. खालचं बरंचसं त्या वहीतलं आहे.

पार्श्वभूमी

इमारत साबरमतीच्या पश्चिमेला, नव्वदच्या दशकात उठलेली. तळमजला पूर्ण मोकळा, पार्किंगसाठी. वर चार मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे एकूण १६ बिऱ्हाडं. त्यातले दोन मालक अमेरिकेत, एका फ्लॅटमध्ये भाडेकरू. बाजूला कॉमन प्लॉट, म्हणजे सोसायटीचं मोकळं अंगण. नवरात्रात गरबा तिथेच व्हायचा.

त्या काळात अहमदाबादमध्ये अशा शेकडो इमारती झाल्या. तळमजल्यावर फक्त कॉलम, भिंत जवळजवळ नाही. वरचे मजले मात्र तळमजल्याच्या रेषेच्या चार-पाच फूट बाहेर काढलेले. त्या बाहेर आलेल्या भागातले काही कॉलम जमिनीपर्यंत पोचतच नसत, ते पहिल्या स्लॅबच्या बीमवरून सुरू होत. माठ तिपाईवर ठेवला आणि तिपाई हलवली तर माठाला काही होत नाही, पाय मोडतात. वरचे मजले विटांच्या भिंतींनी ताठ झालेले असतात, त्यामुळे धक्क्याची सगळी हालचाल खालच्या कॉलमांवर येते. हे मला तेव्हा पुस्तकापुरतं माहीत होतं. आपण त्याच तिपाईवर झोपतो, हे डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या घरात एक समजूत पक्की होती. आमचं मूळ घर सांगलीकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगडमातीची घरं कशी बसली, ते वर्तमानपत्रांतले फोटो बाबांच्या मनात घट्ट होते. ‘दगडमातीचं पडतं, आरसीसी पडत नाही’ असं ते सगळ्यांना सांगायचे. सोसायटीतही तेच मत होतं.

२६ जानेवारी

शुक्रवार होता. नऊ वाजता कॉमन प्लॉटमध्ये झेंडावंदन ठरलेलं. बाबांनी आदल्या रात्रीच झेंड्यात गुलाबाच्या पाकळ्या घालून, घडी करून, दोरीला सरकगाठ मारून ठेवली होती. ८ वाजून ४६ मिनिटांनी जमीन हलायला लागली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात माणसं भिंतीवर आपटत उतरत होती. खाली आलो तेव्हा झेंड्याचा खांब झुलत होता आणि घडी तशीच वर बांधलेली. ती पुढे आठ दिवस कुणी सोडली नाही.

केंद्रबिंदू कच्छमध्ये, भचाऊजवळ. अहमदाबादपासून सुमारे अडीचशे किलोमीटर. शहरातल्या पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीत बसवलेल्या यंत्रावर जमिनीचं सर्वोच्च त्वरण, म्हणजे धक्क्याच्या जोराचं माप, गुरुत्वाकर्षणाच्या ११ टक्क्यांच्या आसपास नोंदलं गेलं. हा काही प्रचंड आकडा नाही. तरीही शहरात ७० च्या आसपास बहुमजली इमारती पडल्या आणि सुमारे ७५० माणसं गेली. पडलेल्या बहुतेक इमारती आमच्यासारख्याच होत्या. आमच्यापासून दोन चौकांवर एक पडली. पहिला मजला जमिनीला टेकला होता आणि वरचे मजले त्यावर थरांसारखे बसले होते. दुपारी आम्ही पोरं तिथे पाट्या घेऊन मलबा काढायला गेलो. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

अडचण

आमची इमारत उभी राहिली. पार्किंगमध्ये २० कॉलम. सहा कॉलमांवर ठळक तिरप्या भेगा, बाकीच्यांवर केसासारख्या. सर्वांत वाईट होता जिन्याजवळचा सात नंबरचा. त्याच्या माथ्याशी हातभर गिलावा आणि काँक्रीट गळून पडलं होतं, उभ्या सळ्या बाहेर फुगल्या होत्या. सळ्यांभोवतीच्या रिंगा बारीक आणि वीतभर अंतरावर होत्या. रिंगेचं टोक कॉलमच्या गाभ्यात तिरकं वळवायचं असतं, १३५ अंशांत, म्हणजे धक्क्यात ती उघडत नाही. आमच्या रिंगा काटकोनात वळवून सोडल्या होत्या. बाहेरचं काँक्रीट सुटलं आणि रिंग पट्ट्याच्या बकलासारखी उघडली. मी बोट लावून पाहिलं, ती हलली.

प्रश्न साधा होता. परत वर राहायला जायचं का, आणि कधी? त्याचं उत्तर कोण देणार, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॉमन प्लॉटमधला महिना

पहिल्या रात्री रजया, सतरंज्या, गाद्या खाली आल्या. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या मंडपवाल्याने कापडी मंडप घातला. प्लॉटच्या टोकाला, इमारतीपासून लांब, दोन शेगड्या लावून सगळ्यांची एकत्र खिचडी-कढी. २८ तारखेच्या सकाळी मोठा उत्तरधक्का आला आणि जे चार जण रात्री वर झोपले होते तेही धावत खाली आले. अफवांना ऊत आला होता. ‘आज रात्री नऊला मोठा येणार’ असं रोज कुणीतरी सांगायचं, आणि सुशिक्षित माणसंही साडेआठला मुलांना मांडीवर घेऊन बसायची.

त्या दिवसांत दोन गोष्टी आम्ही नीट केल्या. गच्चीवरची पाण्याची टाकी २५ हजार लिटरची, भरली की २५ टन. ती एक-तृतीयांशच भरायची असं ठरवलं, वॉचमनने व्हॉल्व्हला तार गुंडाळली. दुसरं म्हणजे पार्किंग रिकामं केलं. गाड्या रस्त्यावर, आणि कॉलमांच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही.

एका सभासदांचे मेहुणे निवृत्त अभियंता होते. ते ३० तारखेला आले आणि जाताना एक जुनी युक्ती देऊन गेले. काचेच्या पातळ पट्ट्या कापून आणल्या, भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं प्लॅस्टरने चिकटवली, शेजारी पेन्सिलने तारीख. भेग वाढली की काच तडकते. अशा १४ पट्ट्या लावल्या. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन त्या बघायचं काम आईने घेतलं. सात नंबरच्या कॉलमवरची पट्टी ११ फेब्रुवारीला तडकलेली मिळाली. आईने ती वहीत नोंदवायला लावली.

यापुढचं लिहिताना मला अजून त्रास होतो. प्लॉटमध्ये संडास एकच, वॉचमनच्या खोलीमागचा, आणि माणसं साठ. पुरुष कुठेतरी भागवत. बायका संध्याकाळनंतर पाणी प्यायच्या बंद झाल्या. दोघींना लघवीचा त्रास सुरू झाला. पाळी आली की काय करायचं, हे कुणी सभेत बोललंच नाही, कारण सभेत आम्ही पुरुषच बसायचो. मग नियम निघाला. वर जायचं, पण पाच मिनिटांत यायचं. खाली एक माणूस थाळी घेऊन उभा, काही जाणवलं तर वाजवायची. पाच मिनिटांची दहा झाली. मग ‘वर गेलेच आहे तर कुकर लावते.’ मग बारावीची मुलगी अभ्यासाला वर बसू लागली, कारण मंडपात दिवा पुरेना. मग एक कुटुंब दुपारी झोपू लागलं.

होळीपर्यंत, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, १६ पैकी १२ बिऱ्हाडं वर राहत होती. वहीत ‘वर राहायला जावे’ असा ठराव कुठेही नाही. मी दोनदा सगळी पानं उलटून पाहिली. वर राहायला जाण्यासारखी गोष्ट आम्ही कधी ठरवलीच नाही, ती होत गेली.

पहिल्या मजल्यावरच्या बा, वय पंचाहत्तरच्या आसपास, एकट्या हटल्या नाहीत. ‘मारे उपर नथी जवुं’ एवढंच म्हणायच्या. मुलाने समजावलं, बाबा हात जोडून म्हणाले, ‘बा, आता धक्के कमी झालेत.’ बांनी प्लॉटमध्येच खाट ठेवली. सगळ्यांनी त्यांना घाबरट ठरवलं, मी धरून.

एक ओळ, दोन अर्थ

फेब्रुवारीत शहरभर फिरणाऱ्या पाहणी पथकांपैकी एक आमच्याकडे आलं. त्यांच्यावर कामाचा डोंगर होता. वीस मिनिटांत पार्किंगमधून फेरी मारून त्यांनी कागदावर लिहिलं की दुरुस्ती करून राहता येईल. आधी दुरुस्ती, मग राहणं, असा अर्थ मी घेतला. बहुतेकांनी घेतला तो असा : राहता येईल, दुरुस्ती काय, होईल सावकाश. पथक गेल्यावर पुन्हा विचारायला कुणी गेलं नाही. मीही नाही. त्याच संध्याकाळी आणखी दोन गाद्या वर गेल्या.

पर्याय

मार्चच्या पहिल्या रविवारी सभा झाली. चौथ्या मजल्यावरच्यांचा आग्रह होता की भेगा भरून गिलावा करावा, खर्च नगण्य. दुसरा पर्याय पार्किंगमध्ये कॉलमांच्या मध्ये विटांच्या भिंती घालण्याचा. शेजारच्या दोन सोसायट्यांनी ते केलंही होतं, पण या भिंती ना कॉलमला नीट बांधलेल्या, ना पायापर्यंत नेलेल्या. तिसरा पर्याय कॉलमांना जॅकेट, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळ्या, दाट रिंगा आणि नवं काँक्रीट, जोडीला काँक्रीटच्या शिअर भिंती, म्हणजे धक्क्याचं आडवं बल पेलणाऱ्या भिंती. चौथा, पाडून नव्याने बांधणं. त्यासाठी सगळ्यांची संमती, परवानगी आणि दोन वर्षांचं भाडं लागणार होतं. शिवाय आमच्याकडे भोगवटा प्रमाणपत्रच, तिथल्या भाषेत बी.यू. परमिशन, नव्हतं, हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. फ्लॅट विकून टेनामेंट, म्हणजे जमिनीलगतचं बैठं घर, घ्यावं असंही काहींच्या मनात होतं, पण वरच्या मजल्यांना गिऱ्हाईकच नव्हतं. शहरात जो तो जमिनीलगतचं घर शोधत होता.

सल्लागार अभियंता नेमायचा, एवढं ठरलं. ते १७ मार्चला आले. त्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती.

गिलावा

चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदांना फ्लॅट बघायला माणूस येणार होता. त्यांनी स्वतःच्या खर्चाने गवंडी बोलावला आणि दोन दिवसांत सगळ्या कॉलमांवर नवा गिलावा, वर चुना. काचेच्या पट्ट्या खरवडून काढल्या. आईने त्यातली तडकलेली तेवढी उचलून ठेवली. मी त्या गृहस्थांना दोष देऊन थांबणार नाही. आम्ही सगळे तिथून जात-येत होतो, गवंडी दिसत होता, आणि पार्किंग पुन्हा पांढरं झाल्याचं आम्हाला बरंच वाटलं. मुलं तिथे सायकल चालवू लागली.

सल्लागारांनी विचारलं, ‘भेगांचे फोटो आहेत?’ नव्हते. माझ्या वहीत नंबर आणि वर्णन होतं, त्यावरून त्यांनी आठ कॉलमांचा गिलावा फोडायला लावला. बाकी १२ तपासायचे तर आणखी खर्च, म्हणून सभेने नकार दिला. त्या बारांतला अकरा नंबरचा ऑगस्टमध्ये जॅकेटसाठी फोडला, तेव्हा आतलं काँक्रीट भुगा झालेलं निघालं. कंत्राटदाराने मला बोलावून दाखवलं. मूठभर खडी हातात सहज आली. त्याने त्याच तासाला चार लोखंडी टेकू लावले. त्या कॉलमच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, बांच्या मुलाची खोली होती. सून आणि दोन मुलं मार्चपासून तिथे झोपत होती.

पैसे, पार्किंग आणि आमची जागा

पूर्ण कामाचा अंदाज ९ लाख ६० हजारांचा आला, म्हणजे फ्लॅटमागे ६० हजार. भूकंपाआधी तिथला फ्लॅट साडेपाच-सहा लाखांना जात होता, म्हणून हा आकडा ऐकून सभा गप्प झाली. मग सुरू झाली वाटणी. चौथा मजला म्हणाला, चिरडणार पहिला, फायदा त्यांचा. पहिला मजला म्हणाला, वजन तुमचं. तीन सभा यातच गेल्या. शेवटी सगळ्यांनी सारखे द्यायचे असं ठरलं, आणि ते ठरलं कारण अमेरिकेतल्या दोघांनी काही न विचारता आपला हिस्सा पाठवून दिला. आमच्यात सर्वांत कमी ओढ ज्यांना असेल असं वाटलं होतं, त्यांनीच गाडी पुढे ढकलली.

खरी अडचण पैशाची नव्हतीच. सल्लागारांना चार शिअर भिंती हव्या होत्या : दोन पूर्व-पश्चिम, दोन उत्तर-दक्षिण, समोरासमोर. उत्तर-दक्षिण भिंतींमुळे पार्किंगच्या तीन जागा जात होत्या. त्यातली एक आमची. बाबा सेक्रेटरी, त्यांनी पहिल्यांदा उठून ‘माझी जागा घ्या’ म्हणायला हवं होतं. ते बोलले नाहीत. घरी मी विषय काढला तर म्हणाले, ‘अरे, बाकीचे दोघं तयार झाले की मी आहेच.’ बाकीचे दोघंही बहुधा तेच म्हणत होते.

मधला मार्ग म्हणून तीनच भिंती घालू, असं सभेने सुचवलं. सल्लागारांनी लेखी विरोध केला. एका बाजूला भिंत आणि समोर मोकळं असेल तर धक्क्यात इमारतीला पीळ पडतो, त्यापेक्षा ती जोडी अजिबात नको. म्हणून पूर्व-पश्चिम दोन भिंती आणि सगळ्या २० कॉलमांना पायापासून पहिल्या बीमच्या जोडापर्यंत जॅकेट, एवढंच काम झालं. खर्च फ्लॅटमागे ४० हजार.

त्यांच्या आग्रहाने एक गोष्ट मात्र कापली गेली नाही, आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. शहरात तेव्हा जॅकेटं धडाधड होत होती. ती बरीचशी फरशीवर सुरू व्हायची आणि स्लॅबच्या खाली वीतभर संपायची. दिसायला कॉलम जाड, पण जिथे ताण येतो तिथे जोडच नाही. आमच्याकडे प्रत्येक कॉलमभोवती खणून पायापर्यंत गेले आणि वरच्या बीममध्ये भोकं पाडून सळ्या ओवल्या. पावसाळ्यात ते खड्डे भरायचे, पंपाने उपसावे लागायचे, काम दोन महिने लांबलं. रिंगा १३५ अंशांत वळवल्यात की नाही हे मी रोज ऑफिसातून आल्यावर कोनमापक घेऊन तपासायचो. बांधकामातले लोक हसायचे, मग स्वतःच ‘या, मोजा’ म्हणू लागले.

निष्पत्ती

काम दिवाळीच्या आधी संपलं. तोवर चार बिऱ्हाडं गेली होती. दोन भाड्याने टेनामेंटमध्ये, एक सुरतेला. बांचं कुटुंब अकरा नंबरचा कॉलम पाहिल्याच्या आठवड्यातच निघालं, फ्लॅट नंतर बऱ्याच कमी किमतीला विकला.

इमारत आजही उभी आहे. काम यशस्वी झालं, असं मी म्हणणार नाही, कारण त्यानंतर तिची परीक्षा झालेली नाही. उत्तर-दक्षिण दिशेला ती अजून फक्त जाड केलेल्या कॉलमांवर आहे. २००२ मध्ये भूकंपविषयक भारतीय मानक आय.एस. १८९३ सुधारलं गेलं, आणि मोकळ्या तळमजल्याचे कॉलम-बीम हिशेबात येणाऱ्या भूकंपबलाच्या अडीचपट बलासाठी तपासावेत असं त्यात आलं. आमचं डिझाइन त्याआधीचं. नव्या हिशेबाने ते पुन्हा तपासून घ्या, असं मी २००३ च्या सभेत मांडलं. वहीत त्यापुढे ‘पुढील सभेत’ असं माझ्याच अक्षरात आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी संडास. पहिल्या आठवड्यात जमलेली वर्गणी मंडप आणि जेवणावर गेली. त्यातून बायकांसाठी पत्र्याचे दोन तात्पुरते संडास आणि आडोशाची न्हाणी केली असती, तर आणखी दीड-दोन महिने खाली राहता आलं असतं. सल्लागार येईपर्यंत कुणी वर झोपलं नसतं. हे सुचायला सभेत एक बाई असती तरी पुरे होतं. रोज पट्ट्या तपासणारी आईसुद्धा सभेला नव्हती.

दुसरं, वर कधी जायचं याची अट आधी लिहून ठेवायला हवी होती : अमुक कॉलमांना टेकू लागल्याशिवाय, अमुक माणसाने लेखी दिल्याशिवाय रात्री वर कुणी झोपणार नाही. पट्टी ११ फेब्रुवारीला तडकली, आम्ही ती नोंदवली, आणि नोंदवून काही केलं नाही. तडकली तर काय करायचं, हे ठरलेलंच नव्हतं. टेकू ऑगस्टमध्ये एका तासात लागले. ते फेब्रुवारीतही मिळत होते.

फोटो काढायला हवे होते. शेजारी लग्नाचे फोटो काढणारा राहत होता. एक रोल पुरला असता.

आणि पार्किंगच्या जागा. तीन जागांचा मोबदला सगळ्या सोसायटीने मिळून द्यायचा, हा प्रस्ताव भिंतींचा नकाशा दाखवायच्या आधी मांडला असता, तर चार भिंती झाल्या असत्या असं मला वाटतं. नकाशा भिंतीवर लागल्यावर प्रत्येकाने आधी आपली जागा शोधली.

मी आता पुण्यात राहतो, पार्किंगवर उभ्या असलेल्या सात मजल्यांच्या इमारतीत. अहमदाबाद भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात गणलं जात होतं, पुणंही त्याच विभागात गणलं गेलं आहे. गेल्या वार्षिक सभेत मी आमच्या इमारतीची स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागितली. ठराव झाला, अनुमोदन मिळालं, ते देणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. सोसायटीच्या कपाटात फक्त आर्किटेक्टचे नकाशे निघाले, सळ्यांचं एकही पान नाही. येत्या सोमवारी वहिनी आणि मी बिल्डरच्या ऑफिसात जाणार आहोत.